वारीचे फोटो काढायला जाताय? आधी जागा ठरवा, लेन्स नंतर

ज्येष्ठ लागला की व्हॉट्सॲपवर विचारणा चालू होते, वारीला फोटो काढायला जायचंय, कुठला कॅमेरा घेऊ, ७०-२०० ची लेन्स भाड्याने मिळेल का, ड्रोन चालतो का, आणि आपण उलटं विचारलं की बाबा तू नक्की कुठे उभा राहणार आहेस आणि किती वाजता, की समोरून काही उत्तरच येत नाही. सगळी गडबड इथेच आहे. वारी म्हणजे आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत अडीच-तीन आठवडे चालणारी गोष्ट, प्रत्येक टप्प्याचा उजेड वेगळा, गर्दी वेगळी, पाऊस वेगळा, त्यामुळे "वारीसाठी कुठला कॅमेरा" याला उत्तरच नाही. दिवेघाटासाठी काय घ्यायचं, रिंगणासाठी (वाटेत पालखीचे घोडे धावतात तो सोहळा) काय, जेजुरीला काय, याला आहे.

म्हणून पहिली गोष्ट, अख्खी वारी कव्हर करायच्या भानगडीत पडू नका. सुट्टी एक-दोन दिवसांची असेल तर एक टप्पा धरा आणि तोच नीट करा. पहिल्यांदा जाणारे सगळे पुण्यात लक्ष्मी रोडला उभे राहतात, तिथे वारकऱ्यांपेक्षा मोबाईल वर केलेले हातच जास्त मिळतात फ्रेममध्ये. माझं मत विचाराल तर पुण्यातला दिवस सोडून द्या.

तारीख आणि टप्पा

एकादशीची तारीख दरवर्षी फिरते हे माहीतच आहे, पण फोटोच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय ते बघा. २०२३ ला आषाढी २९ जूनला होती, २०२४ ला १७ जुलैला, २०२५ ला ६ जुलैला. माऊलींची पालखी दिवेघाट चढते ती एकादशीच्या साधारण दोन आठवडे आधी. म्हणजे एखाद्या वर्षी घाट जूनच्या मध्यात, अजून पिवळाच, आणि एखाद्या वर्षी जुलै उजाडलेला, डोंगर हिरवा, ढग खाली उतरलेले. तुमच्या डोक्यात हिरव्यागार घाटातून चाललेली पांढरी रांग असेल तर आधी त्या वर्षीची तारीख आणि पाऊस कुठवर आलाय ते बघा, नाहीतर मनातला फोटो एक आणि समोरचं चित्र दुसरं असं होतं. पालखीचं वेळापत्रक देवस्थानकडून आधीच जाहीर होतं, मुक्काम आणि विसावे सगळे त्यात असतात, ते मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि एक प्रिंटही काढा कारण गर्दीत नेटवर्कचा काही भरवसा नसतो. मॅपसुद्धा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवायचा.

पावसाचं अजून एक गणित आहे जे बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पुणे, सासवडपर्यंत पावसाची तयारी लागते, पण जसजसं पुढे फलटण, नातेपुते, माळशिरस करत जाल तसा पर्जन्यछायेचा भाग लागतो, तिथे बऱ्याचदा पाऊस नाहीच, नुसतं ऊन आणि धूळ. म्हणजे पहिल्या अर्ध्या वाटेवर रेनकव्हर महत्त्वाचं आणि दुसऱ्या अर्ध्या वाटेवर धूळ उडवायचा ब्लोअर आणि टोपी.

आता टप्पे, म्हणजे माझ्या आवडीचे.

दिवेघाट सगळ्यांना हवा असतो. पुणे ते सासवड हा तसाही वाटेतला सगळ्यात मोठा टप्पा, तीसेक किलोमीटरचा, आणि घाट येतो दुपारनंतर. त्या दिवशी घाटाचा रस्ता गाड्यांना बंद असतो, त्यामुळे हडपसरकडून गाडीने जाऊ असं मनात असेल तर ते विसरा. सोपा मार्ग म्हणजे आदल्या रात्रीच सासवडला जाऊन राहायचं किंवा पहाटे बोपदेव घाटाने सासवडला पोचायचं आणि तिथून उलटं, घाटमाथ्यावरून खाली चालत यायचं. बोपदेवलाही पर्यायी वाहतुकीची गर्दी असते, म्हणून पोलिसांची सूचना आदल्या दिवशी वाचून घ्या. घाटात रस्ता रुंदीकरणाचं काम चालू होतं, त्यामुळे तीन-चार वर्षांपूर्वीच्या एखाद्या फोटोवरून जागा ठरवली असेल तर ती तशीच राहिली असेल असं धरून चालू नका, आठवडाभर आधी एक चक्कर मारून बघून या.

वरून खाली पुण्याकडे बघताना तुमचं तोंड साधारण वायव्येला असतं, म्हणजे दुपारनंतर ऊन पडलंच तर ते समोरून येणार. लोक याला घाबरतात पण भगव्या पताकांना हाच उजेड हवा, मागून ऊन आलं की कापड आतून पेटल्यासारखं दिसतं. लेन्सवर हूड लावा आणि पताकांवर एक्स्पोजर घ्या. दूरचं वळण, खाली मस्तानी तलाव आणि मधे वळत वळत येणारी रांग हे पाहिजे असेल तर १०० ते २०० एमएमच्या आसपास जावं लागतं, वाइडने घाट सपाट दिसतो आणि माणसं मुंग्यांएवढी होतात. रथ चढताना जास्तीच्या बैलजोड्या जोडतात, ते जवळून हवं असेल तर मात्र ३५ पुरे, फक्त चढावर बैलांच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूच्या उंचवट्यावर.

जेजुरीला पालखीवर भंडारा उधळतात. फोटो अफलातून येतो, कॅमेऱ्याची मात्र वाट लागते. हळदीची ती बारीक पूड बटणांच्या फटीत, झूम रिंगमध्ये, व्ह्यूफाइंडरच्या रबरात, सगळीकडे जाते. इथे लेन्स बदलायचीच नाही, एकच लेन्स लावून जायचं, शक्यतो झूम करताना नळी बाहेर न येणारी. आणि नंतर ओल्या कापडाने पुसायला जाऊ नका, डाग धरतो आणि अजून आत सरकते. आधी ब्लोअर, मग कोरडा मऊ ब्रश, मग कापड.

पुढे नीरेला पादुकांचं स्नान, लोणंदनंतर चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण, मग सदाशिवनगरजवळ पुरंदवडेला गोल रिंगण. तुकोबांच्या पालखीबरोबर जाणार असाल तर बेलवाडीचं गोल रिंगण आणि काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण, हे दुसरं तर जगात कुठे बघायला मिळणार नाही. मुंबई-पुण्यावरून येणाऱ्यांना एक फुकटचा सल्ला, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही सगळी पुणे-मिरज रेल्वेमार्गावरची स्टेशनं आहेत. गाड्या मोजक्या आहेत पण रस्ते बंद असताना रेल्वे चालू असते, टाइमटेबल बघून ठेवा.

उजेडाचं काय

जून-जुलैत आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ बरोब्बर डोक्यावर असतो, त्यामुळे ऊन पडलं की टोपीखाली, फेट्याखाली डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबणी. अकरा ते तीन या वेळात पोर्ट्रेट काढायच्या नादी लागू नका, तेव्हा विसाव्यावरच्या सावलीतलं काढा, झाडाखाली भाकरी खाणारी माणसं, पायाला तेल चोळणाऱ्या आज्या, ट्रकच्या सावलीत झोपलेले टाळकरी. पालखी पहाटेच मुक्काम सोडते, त्यामुळे साडेसहा ते नऊ हा खरा वेळ, आणि मग साडेचारनंतर. आभाळ भरलेलं असेल तर दिवसभर काढा, काही हरकत नाही.

दुसरी कटकट पांढऱ्या कपड्यांची. अख्खी फ्रेम पांढऱ्या सदऱ्यांनी भरली की कॅमेरा बिचकतो आणि सगळं मळकट राखाडी करून टाकतो, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) प्लस ०.७ च्या आसपास. पण एकच माणूस, उन्हाने रापलेला चेहरा, मागे काळा डांबरी रस्ता असेल तर उलटं होतं, कॅमेरा उजळ करायला जातो आणि सदरा जळून जातो, तिथे मायनस ०.३ ते ०.७. हायलाइट ब्लिंक चालू ठेवा, म्हणजे जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो, आणि रॉ मध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, चेहऱ्याची सावली नंतर उचलता येते, जळालेला सदरा कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही.

रिंगण

याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथे चान्स एकच असतो. गोल रिंगणात अश्व धावतात ती वेळ फार थोडी, बघता बघता संपतं. पण त्याआधी बराच वेळ बाकीच्यांच्या फेऱ्या चालतात, पताकावाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, पखवाजवाले, विणेकरी, सगळे त्याच वाटेने पळतात. निम्मे फोटोग्राफर या वेळात गप्पा मारत असतात. तुम्ही याच फेऱ्यांवर सगळं सेट करून घ्या. तुमच्यासमोर कुठल्या कोपऱ्यात माणूस फ्रेममध्ये येतो, फोकस कुठे पकडतो, मागे काय येतंय, मोबाईल टॉवर येतोय का, कुणाची छत्री येतेय का. घोडा माणसापेक्षा कितीतरी वेगात येणार एवढंच फक्त डोक्यात ठेवायचं.

शटर १/१६०० किंवा वर, कंटिन्युअस फोकस, बर्स्ट (बटण दाबून सलग फोटो) चालू, आयएसओ ऑटो. नवीन मिररलेस असेल तर सब्जेक्ट डिटेक्शन ॲनिमलवर टाकून ठेवा. जुना डीएसएलआर असेल तर मधला एक पॉइंट आणि वाटेवरच्या एका ठराविक जागेवर आधीच फोकस करून ठेवा, तरी चालतं. दोन अश्व असतात, एकावर पताका घेतलेला स्वार आणि दुसरा माऊलींचा, त्याच्यावर कोणी बसत नाही. नवखे लोक स्वाराच्या घोड्यावरच सगळा बर्स्ट संपवतात आणि बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरून कॅमेरा अडकतो तेवढ्यात माऊलींचा अश्व समोरून निघून जातो. स्वाराच्या वेळी तीन-चार फ्रेम बस, बोट आवरा.

जागा पकडायला दोन तास आधी तरी जा आणि दोरीलगत खाली बसा. उभं राहिलात तर मागचे वारकरी हक्काने सांगणार "माऊली, खाली बसा", आणि बरोबरच आहे त्यांचं. खाली बसून काढलेल्या फोटोत घोडा आभाळावर येतो, मागची गर्दी कमी होते, फायदा तुमचाच. आणि घोडे गेल्यावर लगेच उठून पळू नका, टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावतात, त्यानंतर उड्यांचा खेळ असतो, मला विचाराल तर खरे चेहरे तिथे मिळतात. तिथे १/३० ते १/६० ला कॅमेरा सोबत फिरवत काही फ्रेम घेऊन बघा, दहातली एखादीच जमेल पण जमली तर बहार.

उभ्या रिंगणात रस्त्याच्या दोन्ही बाजूला रांगा आणि मधून घोडे धावतात, त्यामुळे तिथे लांब लेन्सने रांगेच्या रेषेतून तिरकं बघायचं, तोंडासमोरून जाणारा घोडा पकडायच्या नादात मिळते ती नुसती शेपटी.

आता सामान

एवढं सगळं ठरलं की सामान आपोआप ठरतं. दिवसभर चालायचंय हे विसरू नका, एफ २.८ ची ७०-२०० दीड किलोच्या आसपास जाते, सकाळी काही वाटत नाही, दुपारी मान बोलायला लागते. एक बॉडी, दोन लेन्स, बास. फुल फ्रेम असेल तर २४-१०५ एफ ४ आणि एखादी ३५ किंवा ५० ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर १८-१३५ किंवा १८-१४० सारखी झूम आणि ५० एफ १.८, कॅनन-निकॉन दोघांचीही ही लेन्स स्वस्त आहे, सेकंड हँड तर अजूनच. रिंगण किंवा घाट करणार असाल तरच लांब झूम, त्यातही ५५-२५० किंवा ७०-३०० सारख्या हलक्या स्वस्त लेन्सने दिवसाउजेडी काम उत्तम होतं. नुसता मोबाईल असला तरी जा, फक्त डिजिटल झूम करू नका, दोन पावलं पुढे सरका.

प्राइम का, तर मुक्कामावरच्या समाज आरतीसाठी. संध्याकाळी सगळ्या दिंड्या पालखीतळावर गोल करून उभ्या, टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ, आणि चोपदार दंड वर करतात की सगळं क्षणात थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, मग त्यांचं ऐकून घेतात, हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, मग आरती. उजेड अगदी कमी, फ्लॅश अजिबात मारायचा नाही. एफ १.८ किंवा २, शटर १/१२५, आयएसओ ३२०० ते ६४०० जाईल तिकडे जाऊ दे, नॉइज आला तर आला. आणि हो, मिररलेस असेल तर सायलेंट शटर लावा, त्या शांततेत खटाखट आवाज आला की माना वळतात. फक्त सायलेंट मोडला हॅलोजन-एलईडीच्या उजेडात पट्टे येऊ शकतात, एक फ्रेम काढून झूम करून बघून घ्या.

वेदर सीलिंगवर लोक फार भाळतात. बॉडी सील्ड आणि त्यावर साधी किट लेन्स असेल तर त्या सीलिंगला फारसा अर्थ नाही, पाणी लेन्सच्या बाजूने आत जाणारच. त्यापेक्षा दहा-वीस रुपयांची शॉवर कॅप आणि चार रबर बँड ठेवा, एक कॅप बॉडीवर, गरज पडली की लगेच. रेनकोटबद्दल एक बारीकशी गोष्ट जी कुणी सांगत नाही, कॅमेरा डोळ्याला लावायला हात वर केला की हातावरचं सगळं पाणी मनगटावरून बाहीत आत शिरतं आणि थेट कोपरापर्यंत जातं. मनगटाशी रबर बँड लावा, नाहीतर पोंचो घ्या. पुसायला मायक्रोफायबर नको, दोनदा पुसलं की ते भिजून चिप्प, त्यापेक्षा सुती पंचा बेस्ट, अर्धा खांद्यावर अर्धा पिशवीत. लेन्सच्या काचेसाठी मात्र कोरडं कापड वेगळं, झिपच्या पिशवीत. एसी गाडीतून एकदम बाहेर आलात तर काचेवर बाष्प धरतं, म्हणून कॅमेरा बॅगेतच ठेवून थोडा वेळ बाहेरच्या हवेला सरावू द्या.

सेकंड हँड घेणार असाल तर मुंबईत फोर्टातला बोरा बाजार आहेच. लेन्स मागून मोबाईलचा टॉर्च मारून पुढून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं की ती फंगस, कितीही स्वस्त असो, घेऊ नका. थोडी धूळ असेल तर चालते. भाड्याने घेणार असाल तर महिनाभर आधी बुक करा, या दिवसांत चांगल्या झूम सगळ्यांनाच हव्या असतात. दुकानातच आपल्या बॉडीवर लावून चार फोटो काढा, असलेल्या ओरखड्यांचे दुकानदारासमोरच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, परत देताना डिपॉझिटवरून वाद नको.

बाकी, पायात शूज नको, मोजे भिजले की फोड आलेच, पट्ट्याचे फ्लोटर्स घाला. पाठीवर मोठी सॅक गर्दीत दुसऱ्याच्या तोंडाला लागते, छोटी आडवी बॅग पोटाशी. दोन बॅटऱ्या, दोन कार्ड, पॉवर बँक, आणि पाकीट आतल्या खिशात, हौशे-नवशे-गवशे सगळे असतात वारीत.

ड्रोन नेऊ नका. एकतर पुण्याच्या बाजूला लोहगावचा विमानतळ आहे, त्यात पालखीमार्गावर पोलिस बहुतेक वेळा बंदीच घालतात, आणि तुमचा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला आहे म्हणून ती बंदी त्याला लागू नाही असं नसतं. घोडे-बैलांच्या डोक्यावर घोंघावणारं यंत्र नेणं हे परवानगी असली तरी बरं नाही.

माणसांशी

"माऊली, एक फोटो काढू का?" एवढं विचारलं की पुरतं, बहुतेक जण हसून उभे राहतात. उभे राहिले की पोझचा फोटो काढून घ्याच, त्यांना दाखवा, आणि मग तिथेच दोन मिनिटं थांबा, ते परत आपल्या गप्पांत लागले की खरा फोटो मिळतो. नदीवर, टँकरपाशी आंघोळी चालू असतात तिथे बायकांकडे कॅमेरा वळवायचा नाही, कोणी अडवलं नाही तरी नाही. दिंडीची रांग मधून तोडायची नाही, फोटोसाठी उलटं चालत रांगेत घुसायचं तर नाहीच. माऊलींच्या रथापुढे २७ दिंड्या असतात, बाकीच्या मागे, आणि प्रत्येकीला नंबर. ज्या दिंडीत फोटो काढलेत तिचा नंबर पताकेवर किंवा ट्रकवर लिहिलेला असतो, त्याचाही एक फोटो काढून ठेवा, आणि कोणाकडे तरी फोन नंबर मागून घ्या. नंतर फोटो पाठवायला तोच एक दुवा असतो, आणि पाठवलेत तर पुढच्या वर्षी त्याच दिंडीत जेवायची सोय झाली म्हणून समजा.

घरी आल्या आल्या आधी कार्ड दोन ठिकाणी कॉपी करा, मगच आंघोळ. कॅमेऱ्याची बॅटरी आणि कार्ड काढून दारं उघडी ठेवा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा, ओल्या बॅगेत तसाच कोंबलेला कॅमेरा म्हणजे फंगसला आमंत्रण. बॅग वेगळी वाळवायची, उन्हात. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, तांदळात वगैरे ठेवू नका, त्याचा बारीक भुसा आत जातो. रंग बदलणारी जेल मिळते ती घ्या, रंग बदलला की ओलावा भरला असं समजून मंद आचेवर तव्यात फिरवून घ्यायची, परत कामाला येते. पावसाळा संपेपर्यंत आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरात ठेवा.